पिंग चालू असलं की बग गायब

दोन आठवडे झोप उडवली या प्रकारानं, म्हणून सगळं लिहून ठेवतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

बडोद्यात मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मशीनची थरथर मोजणारा सेन्सर बसवलाय, तो दर २० मिलिसेकंदाला नेटवर्कवरून एक यूडीपी पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पाठवतो आणि माझा प्रोग्रॅम शेजारच्या छोट्या लिनक्स बॉक्सवर ती गोळा करतो. वेळ मी कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) घेते, सॉकेटवर (प्रोग्रॅमचं नेटवर्कशी जोडलेलं टोक) एसओ टाइमस्टॅम्प एनएस हा पर्याय लावून, म्हंजे माझ्या प्रोग्रॅमनं वाचायला उशीर केला तरी पॅकेट खरं कधी पोचलं ते कळतं. हार्डवेअर टाइमस्टॅम्पचा (नेटवर्क कार्डानंच वेळ मारण्याचा) प्रश्नच नव्हता, एथटूल या कमांडनं बघितलं तर कार्डात ती सोयच नाही.

झालं असं की प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की पहिली दीडशेक पॅकेटं एकदम आल्यासारखी दिसायची, दोघांमध्ये जेमतेम चार-पाच मायक्रोसेकंद, आणि मग अचानक परत नीट २० मिलिसेकंद. घरी दांडिया बाजारात माझ्या लॅपटॉपवर तोच कोड, तोच सेन्सर, काही म्हणता काही गडबड नाही! केबल बदलली, नेटवर्कचा स्विच बदलला, सेन्सरवाल्यांना फोनवर बरंच बोलले, ते बिचारे बरोबर होते.

मग एकदा रात्री नेटवर्क तुटतंय का बघायला दुसऱ्या टर्मिनलमध्ये पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते तपासणारी कमांड) लावून ठेवलं आणि प्रोग्रॅम रीस्टार्ट केला, तर बग नाही. पिंग बंद केलं, बग हजर. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तसंच. पिंगचा आणि माझ्या सॉकेटचा काय संबंध?

संबंध आहे. कर्नल येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर वेळ मारत नाही, तेवढा खर्च उगाच कशाला. कुठल्यातरी सॉकेटनं टाइमस्टॅम्प मागितला की कर्नलच्या आतला एक स्विच चालू होतो आणि तो सगळ्या मशीनसाठी असतो, एकट्या सॉकेटसाठी नाही. पिंग स्वतः टाइमस्टॅम्प मागतं. लॅपटॉपवर घड्याळ जुळवणारा एनटीपीडी चोवीस तास चालू, तोही मागतो, म्हणून घरी सगळं बरोबर. कारखान्यातल्या बॉक्सवर असं कुणीच नाही.

आणि माझ्या कोडमध्ये आधी बाइंड (इथून सॉकेटवर पॅकेटं यायला लागतात), मग तीन सेकंद कॉन्फिग वाचणं, मग सेटसॉकऑप्ट (इथे टाइमस्टॅम्प मागितला जातो). तीन सेकंद, म्हंजे दीडशे पॅकेटं, वेळेच्या शिक्क्याशिवाय रांगेत उभी. पुढे ती पॅकेटं वाचताना काय होतं ते कर्नलच्या सॉकेट डॉट सी फाइलमध्ये सापडलं: शिक्का नसेल तर कर्नल आत्ताची वेळ भरून देतो, आणि तिथे कमेंटमध्ये हे सरळ लिहिलेलंही आहे. एरर नाही, वॉर्निंग नाही. मला हे अजिबात पटत नाही, शून्य दिलं असतं तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

आता सॉकेट उघडल्या उघडल्या सेटसॉकऑप्ट, मग कॉन्फिग, बाइंड शेवटी. मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा कारण तो स्विच कर्नल मागाहून वर्कक्यूमधून (नंतर करायच्या कामांच्या रांगेतून) चालू करतो, लगेच नाही.

परवा बॉक्सवर पिंग न लावता चालवलं. पहिला फरक २०.०१, दुसरा १९.९८. मेंटेनन्सवाले भाई ग्राफ बघून म्हणाले, "हवे बराबर छे." (आता बरोबर आहे.)