सत्तावीसच्या जागी पंचवीस

१४ जानेवारीला सोलापुरात कोणाचंही चित्त कामात नसतं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस, सकाळी हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज निघालेले, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी रस्ते भरलेले आणि दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. बँकेला मात्र त्या दिवशी सुट्टी नसते. आमच्या शाखेत निम्मा स्टाफ रजेवर होता. मी परकीय चलनाच्या टेबलावर एकटीच होते. साडेअकरा वाजता मोबाइल वाजला. पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखानदारांचा थोरला मुलगा होता.

"मॅडम, कालचं पेमेंट थांबवता येईल का? ते खातं त्यांचं नाहीये म्हणतायत."

मी पुढचं काही ऐकायच्या आधीच फाइल ओढली. वरच ठेवलेली होती, कारण आदल्या दिवशी दुपारी चार वाजता ते पेमेंट मीच सोडलं होतं. १,३४,४०० युरो. त्या दिवशीच्या दराने एक कोटी एकोणीस लाख रुपयांच्या वर.

हे कुटुंब मला सहा वर्षं माहीत. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. अशोक चौकाच्या पलीकडे एका शेडमध्ये जुन्या यंत्रमागांवर त्यांनी धंदा उभा केला, पुढे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. टॉवेलच्या मागाला दोन बीम लागतात, एक ताणून धरलेला पायाचा आणि एक सैल सोडलेला, ज्याच्यातून टॉवेलचे फासे उठतात, हे मला अण्णांनीच हाताच्या बोटांनी दाखवलं होतं. आता त्यांना जुने यंत्रमाग काढून रेपियर लूम, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे माग, घालायचे होते. नवे परवडत नव्हते. इटलीत बेर्गामोच्या बाजूला एक वापरलेल्या मागांचा व्यापारी मिळाला. मुलगा स्वतः जाऊन माग चालवून बघून आला. आठ माग, एक लाख अडुसष्ट हजार युरो. वीस टक्के नोव्हेंबरात दिले, उरलेले कंटेनर भरायच्या आधी द्यायचे ठरलं होतं.

नोव्हेंबरचे पैसे इटलीतल्या खात्यात विनाअडथळा पोचले होते. जानेवारीत जो ईमेल आला त्यात नवीन खातं होतं.

आदल्या दिवशी, सोमवारी, मुलगा साडेतीनला आला. त्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, त्यामुळे अण्णा सकाळपासून यात्रेत. भागीदार म्हणून मुलाची सही चालत होती. बँकेच्या मुंबईतल्या ट्रेझरीकडून युरोचा दर घ्यायची वेळ संपायला पाऊण तास होता. मी कागद बघितले. आयात-निर्यात कोड, प्रोफॉर्मा इनव्हॉइस म्हणजे माल निघायच्या आधीचं बिल, जुन्या यंत्रांसाठी लागणारं चार्टर्ड इंजिनियरचं प्रमाणपत्र, आगाऊ रकमेचा अर्ज. आयातीची आगाऊ रक्कम दोन लाख डॉलरच्या वर गेली की परदेशी बँकेची हमी मागावी लागते, ही रक्कम त्याच्या आत होती. सगळं जागच्या जागी होतं.

आणि मला खात्याचा क्रमांक दिसला. हे मी लपवणार नाही. युरोपातल्या खात्याला आयबॅन असतो, त्याची पहिली दोन अक्षरं देशाची. इटलीचा आयबॅन आयटीने सुरू होतो आणि एकूण २७ अक्षरांचा असतो. हा पीटीने सुरू होत होता, २५ अक्षरांचा. पोर्तुगाल.

मी विचारलं, "खातं पोर्तुगालचं कसं?"

"त्यांच्याकडं ऑडिट चालूय, मॅडम. म्हणून तिकडच्या खात्यात मागितलेत. मेल आलाय, हा बघा. तेवढं आजच सोडा की, शुक्रवारी कंटेनर सुटतंय."

मेल मी वाचला. खाली व्यापाऱ्याची सही, मागांचे नंबर बरोबर, कंटेनरचा उल्लेख बरोबर, आदल्या मेलमधली बोलणी जशीच्या तशी खाली जोडलेली. इनव्हॉइसही तेच, फक्त बँकेच्या ओळी बदललेल्या. मी मुलाकडून खातं बदलल्याचं पत्र सहीनिशी घेतलं, फाइलला लावलं आणि पेमेंट सोडलं. सिस्टीमनेही आयबॅन स्वीकारला. का नाही स्वीकारणार? आयबॅनमधले तिसरा आणि चौथा हे दोन आकडे ९७ने भागाकार करून काढलेले असतात. टाइप करताना एखादा आकडा चुकला तर ते पकडतात. चोराचं खातं खरंच उघडलेलं असेल तर त्याचा आयबॅनही शंभर टक्के बरोबर असतो.

परदेशी पैसे कसे जातात, हे लोकांना वाटतं त्याहून फार वेगळं आहे. इथून तिथे पैसा जात नाही, निरोप जातो. अण्णांना मी हुंडीचं उदाहरण दिलं होतं, आणि पेठेतल्या माणसाला ते एका वाक्यात कळलं. आमच्या बँकेचं फ्रँकफर्टच्या एका मोठ्या बँकेत युरोचं खातं आहे, त्याला आम्ही नॉस्ट्रो म्हणतो. मुंबईहून स्विफ्टने तिथे निरोप जातो, की आमच्या खात्यातून एवढे युरो उचला आणि अमुक बँकेतल्या अमुक खात्यात द्या. स्विफ्ट ही बेल्जियममधली संस्था, १९७३ सालची, ती पैशाला हातही लावत नाही, फक्त निरोप पोचवते. आणि त्या निरोपात लाभार्थीचं नाव लिहिलेलं असलं तरी पुढची बँक मुख्यतः खात्याचा नंबर बघून पैसे जमा करते. व्यापाऱ्याचं नाव, चोराचा नंबर. जमा होतात.

तर ते साडेअकरा. इटलीत आणि फ्रँकफर्टमध्ये तेव्हा सकाळचे सात. जानेवारीत ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. एवढीच काय ती आशा होती. व्यापाऱ्याने आदल्या रात्री विचारलं होतं, बाकी रक्कम कधी? मुलाने ते सकाळी पाहिलं, स्विफ्टची प्रत पाठवली, आणि तिकडून उठल्या उठल्या उत्तर आलं, हे खातं आमचं नाही.

मी मुंबईच्या परकीय चलन विभागाला फोन लावला. तिकडच्या अधिकाऱ्याने ट्रॅकर उघडला. आता प्रत्येक पेमेंटला एक छत्तीस अक्षरांचा शोधक्रमांक असतो, त्यावरून पैसे कुठल्या बँकेत आहेत ते दिसतं. "फ्रँकफर्टलाच दिसतंय अजून, पुढं गेलेलं नाही," ते म्हणाले. मला खुर्चीत बसवेना. सोमवारी आम्ही सौदा त्याच दिवशीचा न करता 'टॉम'चा केला होता, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या तारखेचा. युरोची त्याच दिवशीची वेळ टळून गेली होती म्हणून. मुलगा त्यावरही थोडा नाराज झाला होता. त्यामुळे पैसे देण्याची तारीख मंगळवार होती आणि फ्रँकफर्टचा मंगळवार आत्ता कुठे सुरू होत होता.

"लगेच रद्द करायचा निरोप पाठवा," मी म्हटलं.

"ग्राहकाचं सहीचं पत्र पाहिजे, मॅडम. शाखेने सही तपासून, मूळ पत्र बघून. ईमेलवर नाही चालणार."

मी भांडले. तिथे मी आवाज चढवला, आणि त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला: "त्यांचा ईमेल सुरक्षित आहे, हे तुम्हाला माहीत आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये बसून कोणीतरी आठवडेच्या आठवडे ही सगळी बोलणी वाचत होतं. तो नियम मला त्या क्षणी जीव घेणारा वाटला तरी बरोबर होता. सोमवारी मी पाळायला हवा होता तो हाच नियम, नवीन सूचना जुन्या वाटेने तपासायची.

मुलाला म्हटलं, पत्र लिहून सही-शिक्का मारून मूळ प्रत घेऊन ये. एमआयडीसीहून नवी पेठेपर्यंत एरवी वीस मिनिटं. त्या दिवशी मिरवणुकीमुळे रस्ते बंद, पोलिसांचे बांबू आडवे. तो मोटारसायकल कुठेतरी लावून गर्दीतून धावत आला. बारा पंचवीसला माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा शर्ट भिजलेला, आणि पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत पोटाशी धरलेलं. मी सही जुळवली, मॅनेजर साहेबांची सही घेतली, स्कॅन केलं, मुंबईला पाठवलं. बारा पन्नासला रद्द करण्याचा निरोप गेला. फ्रँकफर्टमध्ये आठ वाजून वीस मिनिटं.

पुढचे चार तास कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. त्या वेळात मुलाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, शहर सायबर पोलिसांकडे अर्ज दिला. तिकडे व्यापाऱ्याने आपल्या पोलिसांकडे. मग आम्ही दोघांनी तो मेल परत उघडला आणि पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर करून वाचला. व्यापाऱ्याच्या पत्त्यात एके ठिकाणी एम आहे. या पत्त्यात एमच्या जागी आर आणि एन ही दोन अक्षरं शेजारी शेजारी होती. पडद्यावर अगदी एमसारखीच दिसतात. मुलगा बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत बसला.

दीडच्या सुमारास बाहेरून आवाज आला, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'. कोणाच्या तरी मोबाइलवर सोहळ्याचं थेट प्रक्षेपण चालू होतं. कॅशियर ताईंनी पदराची गाठ सोडून आम्हा सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या. मी त्या टाकल्या, आणि मुलानेही टाकल्या, टेबलावरच.

अण्णा तीनला आले, संमती कट्ट्यावरून थेट, केसांत अजून तांदूळ. मुलावर ओरडतील असं मला वाटलं होतं. ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, चाळीस माणसांचं घर चालतंय त्या पैशावर. गेले तर गेले म्हणायला येत नाही ओ मला." एवढंच बोलले. मग पाणी मागितलं.

चार चाळीसला मुंबईहून फोन आला. फ्रँकफर्टने पेमेंट पुढे सोडलेलं नव्हतं, रद्द केलं होतं. पैसे परत येतील.

अण्णांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. मी उठून आतल्या खोलीत गेले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

पैसे शुक्रवारी जमा झाले, तिकडच्या बँकेची फी वजा होऊन. युरो विकण्याचा आणि घेण्याचा दर वेगळा असतो, त्या फरकात सव्वा लाखाच्या आसपास गेले. कंटेनरचं त्या शुक्रवारचं जहाज चुकलं. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला आणि मी सगळं लिहून दिलं: पोर्तुगाल दिसलं होतं, विचारलंही होतं, पण ज्याला फसवलं गेलं होतं त्यालाच विचारलं होतं. हे वाक्य लिहायला मला एक संध्याकाळ लागली. सहीचं पत्र फाइलला लावल्याने बँक कागदावर सुरक्षित होते, अण्णांचे पैसे होत नाहीत.

त्यानंतर एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे आरटीजीएस आणि एनईएफटीला पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दिसायची सोय झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात युरोपनेही आपल्या आतल्या युरो व्यवहारांना नाव आणि आयबॅन जुळवून दाखवणं बंधनकारक केलं. सोलापूरहून बेर्गामोला जाणाऱ्या पैशाला मात्र अजून फोनच करावा लागतो. मी करते. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलांचे ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी तिकडे आधीच ठेवायच्या वर्षाच्या खर्चाचे, ११,९०४ युरो असोत नाहीतर यंत्राचे लाख, खातं नवं असेल किंवा बदललेलं असेल तर जुन्या फाइलमधला नंबर काढते आणि ग्राहकाला माझ्यासमोर फोन लावायला सांगते. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही. काहीजण वैतागतात. वैतागू देत.

त्या जानेवारीत, पैसे परत आल्यावर पुढच्या आठवड्यात अण्णा स्वतः आले, मुलाला घेऊन. मुलाने व्यापाऱ्याच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. इटलीतला म्हातारा व्यापारी मोडक्या इंग्रजीत एकेक अक्षर सांगू लागला. मुलगा मोठ्याने परत म्हणत होता. अण्णांनी डायरी काढली आणि ते क्रमांक तेलुगू आकड्यांत लिहून घेतले, कारण लहानपणापासून हिशेब ते तसाच करतात. मग ती डायरी त्यांनी माझ्या स्क्रीनशेजारी धरली आणि बोट ठेवत ठेवत, मी वाचते तसं जुळवत गेले. आयटी. आठ. तीन. शेवटपर्यंत.

"किती झाले, मॅडम?"

"सत्तावीस."

"पुन्हा एकदा मोजा की," अण्णा म्हणाले, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.