फक्कीच्या रेघांवरची देग

आम्ही लष्करचे, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्करचे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ 1810 साली इथं पडला आणि वस्तीला तेच नाव चिकटलं. खऱ्या फौजेशी मात्र माझा संबंध आला तो एका लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, नकाशापायी.

फौजी इमारतीत किती जवानांमागे किती चौरस मीटर, हे आधीच ठरलेलं असतं. त्याला स्केल म्हणतात. त्यापलीकडे मोरीसुद्धा वाढत नाही. वापरणाऱ्यांची गरज मांडायला अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं. आमच्या बोर्डातले तिघंही सज्जन, पण शंभर माणसांची डाळ त्यांतल्या एकानंही शिजवली नसावी. सह्या झाल्या. स्वयंपाक्याला बोलवा, असं मलाही सुचलं नाही.

आखणीचा दिवस मे महिन्यातला, दहालाच लू, म्हणजे तिकडचा उन्हाळी झळांचा वारा, सुटलेली. भिंती कुठं येणार ते दाखवायला आम्ही जमिनीवर चुन्याची फक्की टाकत होतो, तेवढ्यात लंगरचा हवालदार येऊन उभा राहिला. "साब, यहाँ से देग कैसे घूमेगी?"

मी म्हटलं, बोळ सव्वा मीटरचा आहे. तो वाद घालत बसला नाही. दोन पोरांना रिकामी देग, म्हणजे डाळ-भाताचं भलंमोठं भांडं, घेऊन बोलावलं, "चलो." दोन्ही कडी धरून पोरं रेघांमधून निघाली आणि कोपऱ्यावर मागचा पोरगा सरळ माझ्या भिंतीतून पलीकडे गेला. पुसलेली फक्की बघत राहिलो. देग भरलेली, उकळती असती तर?

मग तो बोलत सुटला. तंदूर पश्चिमेच्या दारासमोर, म्हणजे लू थेट जाळावर. कणीक मळायचा ओटा उंच, आणि तो मळणार बसून. इंजिनिअरसाहेब कुरकुरले, सही झालेला नकाशा! पण क्षेत्रफळ तेवढंच ठेवून दार कोपऱ्यावरून सरकवलं, तंदूर आडोशाला नेला, ओटा दीड फुटावर आणला.

दोन वर्षांनी गेलो, तर देग न थांबता वळत होती. हवालदाराची मात्र इमारत पुरी व्हायच्या आतच बदली झालेली. नव्या हवालदाराकडे कणीक मळायचं यंत्र, आणि बाकी सगळं काम उभ्यानं. ओट्यावर कांद्याची पोती.

"साब, ये नीचा प्लेटफॉर्म किसने बनवाया?"

आपल्या आधीच्या उस्तादानं, असं म्हणणार होतो. कागदावर त्याचं नाव कुठंच नाही. आणि ओटा फोडायचा म्हटलं, तर पुन्हा बोर्ड बसवावं लागेल.