लग्न संपल्यावर

तुळशीचं लग्न ही घरातल्या पोरांसाठी लग्नसंस्थेची पहिली तालीम. कार्तिकातल्या द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कुठलीही संध्याकाळ गाठायची, कुंडीशेजारी ऊस उभा करायचा, चिंचा-आवळे मांडायचे आणि अंतरपाट धरायला दोन भाचरं पुढे करायची. अक्षता टाकायच्या 'सावधान'ला, पण तेवढा धीर कुणाला? पहिल्या मंगलाष्टकेतच मुठी रिकाम्या. थोडक्यात, लग्न म्हणजे ऊस खायला मिळतो आणि तांदूळ फेकले तरी कुणी ओरडत नाही असा कार्यक्रम.

म्हणूनच ताईच्या लेकीचा प्रश्न मला रास्त वाटला. अल्बममध्ये मुंडावळ्या बांधून एकमेकांना जिलबी भरवणारे आईबाबा बघून ती म्हणाली, "तुमचं लग्न संपलं ना आता?"

"नाही गं, चालूच आहे," जिजाजी म्हणाले. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पटलेलं दिसलं नाही.

मोठ्यांना वाटतं, दार लोटून हळू आवाजात भांडलं की पोरांना कळत नाही. पोरांना शब्दांची गरजच नसते. चहाचा कप हातात दिला की समोर आदळला, एवढ्यावर त्यांचा निकाल लागतो. आणि 'बाबांना सांग, जेवायला वाढलंय' हा निरोप बाबा दोन हातांवर बसलेले असताना आपल्याकरवी गेला, की घरात आज काय शिजलंय ते त्यांना पानावर बसायच्या आधीच कळतं.

उलट आमचे आईबाबा. दिवसभर कुरकुर. "अहो, चष्मा कपाळावर आहे," "अगं, टीव्हीचा आवाज कमी कर." मी कैक वर्षं या जोडप्याची काळजी केली. भाचीच्या मते मात्र सगळ्यांत खूश तेच, "कारण ते सारखे बोलतात." दुसरा नंबर माझा, कारण मला नवरा नाही आणि रिमोट माझ्याच हातात असतो. यावर आईनं असा काही सुस्कारा सोडला की मी भाचीला गुपचूप आणखी एक लाडू दिला.

परवा ती शेजारच्या मुलाबरोबर घर-घर खेळत होती. पूर्वी भातुकलीत नवरा ऑफिसला जायचा आणि बायको लुटुपुटूची पोळी लाटायची. इथे तिनं त्याला पाटावर बसवलं, हातात पत्त्यांची रिकामी डबी दिली. "हा तुझा मोबाईल. मी दोनदा हाक मारेन, तू बघायचं नाही. तिसऱ्यांदा 'काय गं!' म्हणायचं. मग मी म्हणणार, 'काही नाही.'" मुलानं पहिल्याच हाकेला मान वर केली, तर बाई चिडल्या. "असं नसतं!" पुन्हा पहिल्यापासून.

जिजाजी सोफ्यावर होते, अर्थात मोबाईल घेऊनच. त्यांनी तो उलटा करून बाजूला ठेवला. तेवढ्यात आतून ताईची हाक आली आणि ते पहिल्याच हाकेला उठून गेले.

"बरं नाही का तुला?" आतून ताईचा आवाज आला.