चरबीतलं कोंडाळं

सकाळच्या ट्रेमधली चौथी केस. वय ५८, स्तनाचा कर्करोग, पूर्ण स्तन काढलेला. अशा केसमध्ये आम्ही पॅथॉलॉजिस्ट काय पाहतो ते ठरलेलं आहे: गाठ केवढी, ग्रेड कोणती, मार्जिन, म्हणजे कापलेली कड, मोकळी आहे का, काखेतल्या किती ग्रंथींत रोग पोचलाय. चरबी म्हणजे या सगळ्यातली रिकामी जागा. अक्षरशः रिकामी, कारण प्रोसेसिंगमध्ये झायलीन या द्रावकाने ती विरघळून जाते आणि स्लाइडवर नुसती पांढरी जाळी उरते. शिवाय ती धड कापली जात नाही म्हणून आमचे टेक्निशियन तिच्या नावाने बोटं मोडतात. मीही इतकी वर्षं ती सरकवून पुढे जात आले.

त्या दिवशी मध्येच फोन आला आणि स्लाइड नेमकी जाळीवर थांबली. बोलता बोलता डोळा लावला, तर एका गोल पोकळीभोवती पेशींनी कोंडाळं केलेलं. शेजारी आणखी एक. मेलेल्या चरबीपेशीभोवती बसलेले मॅक्रोफेज, म्हणजे मेलेलं गिळून साफ करणाऱ्या पेशी. पुस्तकी नाव 'क्राऊन-लाइक स्ट्रक्चर'. यात मुकुट कुणाला दिसला कोण जाणे, मला तर मयताला जमलेली माणसं दिसली. खात्रीसाठी सीडी६८, म्हणजे मॅक्रोफेज रंगवून दाखवणारी चाचणी, लावायला सांगितलं. तपकिरी कडी स्वच्छ उमटली.

चरबीपेशी फुगत जाते, तिला प्राणवायू पुरत नाही, ती मरते. ती साफ करायला आलेले मॅक्रोफेज दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि त्यांमुळे आसपास अ‍ॅरोमाटेज वाढतं, म्हणजे इस्ट्रोजेन तयार करणारं विकर. पाळी गेल्यावर बाईचं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतूनच येतं. हिची गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसली जाणारी होती. गाठीला लागून असलेल्या घरातच चूल पेटलेली!

हे लठ्ठ बाईत दिसलं असतं तर मी मान डोलावून पुढे गेले असते. फॉर्म पाहिला: उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५३ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.९. आपल्याकडची जास्त वजनाची रेघ २३ ला सुरू होते.

मला पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ सालचा 'लॅन्सेट'मधला फोटो आठवला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

रिपोर्टच्या शेवटी चरबीतल्या या दाहाची एक ओळ लिहिली. सर्जनसरांचा फोन आलाच. "हे काय खाली? यावर मी देऊ काय?"

"लेट्रोझोल देणारच आहात ना सर? ते अ‍ॅरोमाटेजच बंद करतं."

"मग तुझ्या ओळीने काय बदललं?"

उपचारात काहीच नाही. अशा दाहाच्या बायकांमध्ये रोग लवकर उलटतो असं न्यूयॉर्कच्या संशोधकांना दिसलंय, पण त्या आधारावर या बाईंना काय सांगणार?

त्या स्वतःच रिपोर्ट न्यायला आल्या. "मॅडम, माझी जाऊ दोन माणसांएवढी, तिला काही नाही. मी काटकी, मलाच कसा?" मी म्हटलं, एकट्या वजनावरून ठरत नाही मावशी. साखर तपासलीय का कधी? नव्हती. चिठ्ठी लिहून दिली.

मग टेक्निशियनला मागच्या महिन्याच्या स्तनाच्या सगळ्या स्लाइड काढायला सांगितल्या.

"काय राहिलंय मॅडम त्यात?"

"चरबी."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की बस.