राजाबाई टॉवरचा परिसर: ऊन बघून पायी फिरा

चर्चगेटला उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आधी बघायचा म्हणून ओव्हल मैदानात शिरलो, तर सूर्य नेमका टॉवरच्या मागे. समोर नुसती काळी आकृती. मागे वळून पाहिलं आणि महर्षी कर्वे रोडवरची आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकातल्या एका वास्तुशैलीतल्या, घरांची रांग कोवळ्या उन्हात उजळलेली दिसली. दिवसाचा क्रम तिथेच ठरला. तुम्हीही तोच धरा: सकाळी डेको घरं, उन्हं कलली की टॉवरसारख्या टोकदार गॉथिक शैलीतल्या इमारती.

ही घरं १९३० च्या दशकातली. खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, आणि दर्शनी भिंतीवर ठसठशीत अक्षरांत इमारतीचं नाव. लोक राहतात तिथे, फाटकाबाहेरूनच बघावं.

दुपारी विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, काळा घोड्याकडे गेलो. डेव्हिड ससून लायब्ररी १८७० ची, पिवळसर मालाड दगडाची. जवळच एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून इथे जोडला, आणि ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट इथेच दाखवले गेले. आज ती वास्तू इतकी जीर्ण आहे की बघून पोटात तुटतं.

चारनंतर पुन्हा ओव्हलवर आलो. आता टॉवर वेगळाच होता. कुर्ल्याचा दगड मधासारखा दिसत होता. उंची सुमारे ८५ मीटर, काम १८७८ मध्ये पुरं झालं. पैसा व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. आराखडा इंग्रज वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट यांचा, पण ते मुंबईला कधी आलेच नाहीत. मला मोठेपण वाटतं ते इथे दगडाशी झटलेल्यांचं. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे २४ पुतळे आहेत, ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. दुर्बीण लावली तेव्हा एकेकाच्या पागोट्याचा घाट वेगळा दिसू लागला. मी अर्धा तास तिथून हललो नाही. दुर्बीण न्याच, नुसत्या डोळ्यांना हे सापडत नाही.

शेजारच्या दीक्षान्त सभागृहाचे कोपऱ्यातले उघडे गोल जिनेही याच उन्हात उठून दिसतात. उत्तरेला उच्च न्यायालय, दक्षिणेला जुनं सचिवालय. हा सगळा पट्टा, डेको रांगेसकट, २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

टॉवरवर चढू देत नाहीत आणि आवारातही सहज सोडत नाहीत, त्यामुळे आतलं बघायचं असेल तर आधी परवानगीची चौकशी करून निघा. रविवारी रस्ते मोकळे असतात, पण मैदानात क्रिकेटचे सामने एकमेकांत मिसळलेले असतात, तेव्हा मधल्या पायवाटेनंच चाला. आणि सूर्य डेको इमारतींमागे जायच्या आत पुतळे बघून घ्या. सावली आधी पायथ्यावर येते आणि मग भराभर वर चढते.