मामांच्या स्प्लीनमधली गाठ

सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा आजार, म्हटलं की लोक लगेच विचारतात, प्यायचे का? माझ्या मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, डायबेटिस आणि फॅटी लिव्हर, त्यातूनच हे सगळं झालं. लिव्हर कडक झालं की पोर्टल व्हेनमधलं (लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी नस) प्रेशर वाढतं, रक्त मागे स्प्लीनमध्ये (प्लीहेत) तुंबतं, स्प्लीन फुगते आणि प्लेटलेट तिथेच अडकतात, हे आम्हाला एव्हाना पाठ झालं होतं. पण नेहमीच्या सोनोग्राफीत स्प्लीनमध्ये गाठी दिसल्या आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. लिम्फोमा नावाचा कॅन्सर असेल का, की दुसरीकडून पसरलेलं काही, सीटी, एमआरआय होऊनही नक्की कोणीच सांगेना.

मग सुई घालून तुकडा का नाही काढत? मामींनी हेच विचारलं. तर स्प्लीन म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज, त्यात प्लेटलेट कमी, रक्त थांबलं नाही तर काय करायचं! शेवटी लिव्हर अजून बऱ्यापैकी काम करतंय हे बघून स्प्लीनच काढायचं ठरलं, आणि ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या जंतूंवरच्या लसी दिल्या, कारण स्प्लीन नसलेल्या माणसाला हे जंतू फार लवकर आडवं करतात.

रिपोर्ट आला, लिटोरल सेल अँजिओमा. कॅन्सर नाही!! मामी तो कागद हातात घेऊन कितीतरी वेळ रडत होत्या. हा आजार पहिल्यांदा १९९१ साली नोंदवला गेला, इतका दुर्मिळ. स्प्लीनमधल्या रक्ताच्या बारीक पोकळ्यांना आतून जे पेशींचं अस्तर असतं त्यातून ही गाठ होते, आणि तपासणीत त्या पेशी रक्तवाहिनीच्या खुणाही दाखवतात (सीडी ३१) आणि जंतू गिळणाऱ्या पेशींच्याही (सीडी ६८), त्यावरून ओळख पटते.

पण साधी गाठ म्हणून फाइल बंद करता येत नाही बरं का. या गाठीच्या बऱ्याच पेशंटना शरीरात दुसरीकडे कॅन्सर सापडलेला आहे, म्हणून मामांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली, ती क्लिअर आली. स्प्लीन काढल्यावर पोर्टल व्हेनमध्ये गुठळी होऊ शकते म्हणून डॉपलरही (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) चालू आहे. प्लेटलेट वाढल्यात, लिव्हर मात्र आहे तसंच आहे, त्याची औषधं आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफी सुटलेली नाही. आणि थंडी वाजून ताप आला तर रात्री दोन वाजता पण सरळ कॅज्युअल्टी गाठायची, सकाळची वाट बघायची नाही, हे मामींनी घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलंय.