मागचा फूटरेस्ट, भाग ५: दोष रबरात नव्हताच

ताई काल दीड तास माझ्या मोटरसायकलवर मागे बसली आणि उतरल्यावर पहिलं वाक्य होतं, “अरे, आज पाय जागा आहे!” गेल्या भागापर्यंत चाळीस मिनिटांत तिच्या डाव्या तळपायाला फूटरेस्टच्या हादऱ्यांनी मुंग्या येत होत्या, म्हणून हे लगेच लिहितोय.

आधी मोजमापाचं. फोनने घेतलेल्या कंपनांच्या आलेखात ४५०० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) २५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २५ कंपनांचा, सुळका दिसायचा, म्हणून मी मागच्या चाकावर संशय घेऊन ते बॅलन्स करून घेतलं. फरक शून्य. मग लक्षात आलं, आरपीएम ४८०० केला की सुळका वर जायच्या ऐवजी २० हर्ट्झवर उतरतो. माझा फोन सेकंदाला १०० नोंदी घेतो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसतच नाही. ७५ हर्ट्झ त्याला २५ दिसतात, ८० दिसतात २०. आणि ४५०० ला ६० ने भागलं की बरोबर ७५. म्हणजे हा सिंगल सिलिंडर इंजिनचा, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीमागचा हादरा. कुणी फोनने मोजत असाल तर नोंदींचा वेग आधी बघा.

आता मुख्य दुखणं. फूटरेस्टचा ब्रॅकेट आणि सबफ्रेम (गाडीच्या सांगाड्याचा मागचा भाग) यांच्या मध्ये रबरी बुश बसवूनही हादरा तसाच येत होता. शोर ए (रबराच्या कडकपणाचं माप) ६० चं रबर काढून ४५ चं, म्हणजे मऊ, घातलं, तरी तेच. शेवटी वॉशरच्या कडेला मार्करची शाई लावली, गाडी फिरवून आणली आणि सगळं उघडलं. ब्रॅकेटवर अर्धचंद्रासारखा शाईचा ठसा! बोल्ट आवळला की बुश इतका दबायचा की मोठा वॉशर थेट ब्रॅकेटला टेकायचा. रबराला वळसा घालून हादरा लोखंडातून सरळ पायात.

उपाय म्हणजे बुशच्या आत स्टीलची स्लीव्ह, म्हणजे बोल्टभोवतीची नळी. लेथवर ती ब्रॅकेटच्या जाडीपेक्षा ४ मिमी लांब कापली. आता बोल्टचा ताण स्लीव्ह घेते आणि दोन्ही बाजूंना २ मिमी रबर मोकळं राहतं. बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळला तरी ब्रॅकेट हाताने किंचित डोलतो. तो डोल पहिल्यांदा जाणवला तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटाच हसत होतो. तयार ‘अँटी-व्हायब्रेशन’ किटमध्ये ही स्लीव्ह नसेल तर घेऊच नका. माझ्या आधीच्या किटमध्ये नुसते रबराचे गोळे होते.

अजून एक उरलंय. २४०० आरपीएमला, म्हणजे ४० हर्ट्झला, फूटरेस्ट आता जोरात थरथरतो. रबरावरच्या वजनाची ती नैसर्गिक कंपनसंख्या. तिच्या १.४ पटीच्या पुढेच रबर कामाला लागतं, म्हणून ३४०० च्या वर शांतता आहे. वेग घेताना हा टप्पा क्षणात निघून जातो, गर्दीत मात्र नाही.

पुढचा बेत फूटरेस्ट ३० मिमी खाली घ्यायचा होता, ताईच्या गुडघ्यासाठी. पण लिहिता लिहिता सुचलं: पेग, म्हणजे पाय ठेवायचा दांडा, आतून पोकळ आहे. त्यात स्टीलचा दांडा ठोकून हलणारं वजन दीडपट केलं तर ४० चे साधारण ३३ हर्ट्झ होतील, म्हणजे थरथर २००० आरपीएमच्या खाली. खाली घेण्याचं काम थांबवतोय, तसंही वळणात पेग घासण्याची धास्ती होतीच. आधी दांडा. उजव्या बाजूची स्लीव्हही अजून कापायची आहे.